तिसरी लाल खूण

सोमवार, ५ मे

"ताई, ही गाय नापास म्हणता तुम्ही. पण पेपर काय होता ते तिला कुणी सांगितलं होतं का?"

गोठा सांभाळणाऱ्या केरूमामांनी आज हे विचारलं. मी हसून वेळ मारून नेली. पण व्हॅनमध्ये घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

प्रश्न चारशे सतरा नंबरच्या गाईचा आहे. फार्ममधल्या सगळ्या गाई मांसासाठी पाळलेल्या, ब्राह्मन जातीच्या, पांढुरक्या, वशिंडाच्या. मी नऊ महिन्यांपूर्वी इथे आखातात कामाला लागले तेव्हा केरूमामा म्हणाले होते, "गाय बामणाची, मालक मुसलमान, कारकून ख्रिश्चन, आणि शेण काढायला मी अकोल्याचा." हसून हसून माझी भीती गेली होती.

इथे गाईचं काम एकच. वर्षाला एक वासरू द्यायचं, आणि सात महिन्यांत ते निदान एकशे ऐंशी किलोचं करायचं. मालकांना, फहदसाहेबांना, मी आल्याआल्या एक पद्धत लिहून दिली होती. वासरू हलकं निघालं की लाल खूण. तपासणीत गाय गाभण नसली की लाल खूण. तीन खुणा झाल्या की विक्री. कुणाची आवड नाही, कुणाची नावड नाही. साहेबांनी कागद वाचून "गुड, व्हेरी क्लीन" म्हटलं, तो माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस होता. आमच्या घरात असा कागद लिहिणारी मीच पहिली.

चारशे सतराचं गेल्या वर्षीचं वासरू एकशे बावन्न किलो. यंदाचं एकशे सेहेचाळीस, तिला दूधच कमी. दोन खुणा. आणि १९ एप्रिलच्या तपासणीत तिसरी खूण. त्या दिवशी ईस्टरच्या आदला पवित्र शनिवार म्हणून मी सुट्टीवर होते. जनावरांच्या डॉक्टर, डॉ. माहनूर, एकेक गाय तपासून सांगत होत्या आणि रजिस्टर केरूमामांनी लिहिलं. सोमवारी मी ते कॉम्प्युटरवर चढवलं. त्यांचं अक्षर गोल, शाळेच्या फळ्यावरच्यासारखं. चारशे सतरापुढे एकच शब्द होता : खाली.

तर तीन खुणा झालेल्या एकूण पाच गाई. बकरी ईदच्या आधी विकल्या तर भाव चांगला येतो, आणि उन्हाळाभर रिकाम्या पोटांना चारा घालावा लागत नाही. साहेबांना यादी शनिवारी द्यायची आहे.

बुधवार, ७ मे

केरूमामांना रागावले. मला ते आवडत नाही, वडिलांच्या वयाचे आहेत. पण चारशे सतराच्या गव्हाणीत त्यांनी कोंड्याची जास्तीची पाटी ओतताना मी पाहिलं. विक्रीच्या यादीतल्या गाईला!

"मामा, हे बरोबर नाही. एकीला जास्त, बाकीच्यांना कमी?"

"तिला लागतं, ताई."

"का लागतं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दिवसाढवळ्या ऊन कुठून येतं असं विचारलंय. मग म्हणाले, "बरं. नाय घालत."

ते तिला मुकी म्हणतात. एप्रिलमध्ये वासरं दुधावरून तोडली तेव्हा सगळ्या गाई तीन दिवस हंबरत होत्या. ही एकटी कुंपणाजवळ गप्प उभी होती. मला वाटतं त्यांचा जीव तिथेच अडकला. त्यांच्या गावाकडे गाय म्हणजे वेगळीच गोष्ट, मला कळतं ते. आठ वर्षं ते इथे काम करतात आणि गाई न्यायला लॉरी येते त्या दिवशी मागच्या टाकीवर पाणी भरायला निघून जातात. पण भावना आणि शास्त्र यांची गल्लत झाली की जनावराचंही भलं होत नाही. हे मला त्यांना नीट, न दुखावता सांगायला हवं.

शनिवार, १० मे

यादी दिली. पाच नंबर. साहेबांनी वरून खाली बोट फिरवलं, चारशे सतरावर थांबले. "दिखती तो अच्छी है."

मी म्हटलं, "सर, दिखने से क्या होता है."

ते हसले. "सही बात. उझैर को बोल दो, बाईस तारीख."

उझैर म्हणजे अल ऐनच्या गुरांच्या बाजारातला व्यापारी. लॉरी त्याचीच.

रविवार, ११ मे

आज मदर्स डे. चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेनंतर सगळ्या आयांना एकेक गुलाबाचं फूल दिलं. मम्मीने ते हॉटेलच्या युनिफॉर्मच्या खिशात खोचलं, कारण दुपारची ड्यूटी होती. सगळे दिवस ती दुसऱ्यांच्या खोल्यांतली फुलं बदलते.

जेवताना मी चारशे सतराची गोष्ट सांगितली. ताटात बीफच होतं, वसईहून आणलेल्या बॉटल मसाल्यातलं. माझा भाऊ ऑस्कर म्हणाला, "इट्स जस्ट अ काऊ, एलिशा," आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. डॅडींनी विचारलं, "दूधच कमी म्हणजे तिचा काय दोष?" मी समजावलं की दोषाचा प्रश्नच नाही, कामगिरीचा आहे.

मम्मी भांड्यातला रस्सा खरवडत म्हणाली, "तू झालीस तेव्हा मलाही दूध नव्हतं. सहा महिने डब्याचं पाजलं तुला. वसईच्या सगळ्या बायका बघायला यायच्या, पोर किती बारीक म्हणून."

"मग?" ऑस्कर.

"मग काय. तुझ्या डॅडींनी मला विकलं नाही."

सगळे हसलो. डॅडी तर ठसका लागेपर्यंत. मी मम्मीला म्हटलं की तो हिशेब वेगळा, माणसाला पर्यायी आहार देता येतो. ती "हो बाय" म्हणाली आणि गुलाब पाण्यात ठेवायला उठली. मग बराच वेळ आतच होती. पाय दुखत असतील. आठ मजल्यांचं काम असतं तिच्याकडे.

शुक्रवार, १६ मे

बेचाळीस डिग्री. तुषारपंख्यांखाली गाई दाटीवाटीने उभ्या. विक्रीच्या पाचजणींना वजनकाट्यावर घेतलं. चारशे सतरा पाचशे ऐंशी किलो भरली. महिन्याभरात चौदा किलो वाढली! कोंडा बंद करूनही. मी केरूमामांना म्हटलं, "बघा, वासरू तुटल्यावर स्वतःच्या अंगावर घेतेय. म्हणूनच आत्ता विकायला योग्य वेळ आहे."

ते म्हणाले, "स्वतःच्या अंगावर. हां."

काट्यावरून उतरताना मागची गाय तिला ढुशी मारायला गेली तर मामा चक्क मध्ये शिरले. "ढकलू देऊ नका हिला, ताई. आत्ता नको."

"मामा, तुम्हाला लागलं असतं!"

मग त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि खूप हळू विचारलं, "अशा अवस्थेत पाठवायची का तिला? तुमच्यात चालतं तसं?"

'तुमच्यात' म्हणजे ख्रिश्चनांत, असं मला वाटलं. जरा लागलं. पण मी शांतपणे सांगितलं की तिची अवस्था उत्तम आहे, पाचपैकी साडेतीन गुण, प्रवासाला काही त्रास होणार नाही.

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेल्या."

त्यांनी ते टोमण्यासारखं म्हटलं नाही. तेच जास्त लागलं.

सोमवार, १९ मे

मामा माझ्याशी कामापुरतं बोलतात. मला रडू आलं, पण बाथरूममध्ये. यादी बदलण्यासाठी हे कारण होऊ शकत नाही.

गुरुवार, २२ मे

घडलं तसं लिहिते.

लॉरी सकाळी साडेसहाला आली. मला वाटलं होतं मामा नेहमीसारखे टाकीवर जातील. ते गेले नाहीत. आपणहून दावं घेऊन आले, मुकीला बांधलं, आणि रांगेत सगळ्यात मागे तिला घेऊन उभे राहिले. चार गाई चढल्या. उझैर वरून ओरडत होता, "यल्ला, यल्ला, धूप चढ़ रही है!"

फळीचा चढ उभा आहे. मुकीने पुढचा पाय टाकला आणि घसरला. मामा उझैरला नाही, मला म्हणाले, "ताई, हळू चढवा. वासरू खाली आहे."

मी दचकले. वासरं तर पलीकडच्या वाड्यात! एखादं सुटून लॉरीखाली आलं असेल म्हणून मी वाकले. गुडघ्यांवर बसले. फळीखाली पाहिलं, चाकांमागे पाहिलं. "कुठे? कुठे आहे मामा? मला दिसत नाही!"

उझैरनेही वाकून पाहिलं. "कौन सा बछड़ा?"

मामांनी मुकीच्या उजव्या बरगडीखाली पोटावर तळवा ठेवला. "इथं खाली. पोटात. डॉक्टरीणबाई नाही का म्हणाल्या, नीचे उतर गया है, हाथ नहीं पहुँच रहा, अगली बार देखेंगे. मी लिवलं की तुमच्या वहीत. खाली."

मी धावत ऑफिसात गेले. १९ एप्रिलचं पान काढलं. ज्या गाई गाभण नव्हत्या त्यांच्यापुढे मामांनी काय लिहिलं होतं? रिकामी. रिकामी. रिकामी. रिकामी. चार वेळा, गोल, स्वच्छ अक्षरात. आणि फक्त चारशे सतरापुढे : खाली.

डॉ. माहनूर तपासताना 'खाली' म्हणतात, उझैर म्हणतो, साहेब म्हणतात, मी म्हणते. सगळ्या फार्मवर खाली म्हणजे रिकामी. हिंदीतलं खाली. केरूमामांनी मराठीत लिहिलं होतं. मराठीत, माझ्यासाठी, कारण ते पान मी वाचणार होते. वसईच्या शाळेत मराठीत पहिली येणारी मी.

परत आले तर उझैर घड्याळ दाखवत होता. "मैडम, पाँच बोला था."

"चार ले जाओ."

"और ये?"

"ये नहीं."

"फहदसाब से पूछा?"

"मैं पूछूँगी. आप जाओ."

तो गेला. मी पायरीवर बसले. मामांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, तर मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगत होतो की," ते म्हणाले. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच वाचलंय ते. म्हटलं तुमच्या शास्त्रात गाभण पण विकत असतील, आपल्याला काय कळतंय. मोठ्या शाळेतलं काहीतरी असंल."

कोंड्याची पाटी. 'तिला लागतं.' 'अशा अवस्थेत.' पंधरा दिवस ते मला मराठीत सांगत होते आणि मी त्यांना शास्त्र शिकवत होते.

शुक्रवार, २३ मे

डॉ. माहनूर आल्या. कोपरापर्यंत हात घालून डोळे मिटून उभ्या राहिल्या. "साढ़े पाँच महीने. माशाल्ला, ज़िंदा है, लात मार रहा है." मग मला म्हणाल्या, "महीना नहीं लिखा था न उस दिन. मेरी भी गलती. मुझे पक्का करके बताना चाहिए था."

मी गेल्या नऊ महिन्यांची सगळी रजिस्टरं काढली. प्रत्येक 'खाली' पुन्हा पाहिला. बाकी सगळी पानं माझ्या हातची आहेत. दुसरी मुकी नव्हती. दुपारी तीनपर्यंत पाणीसुद्धा प्यायले नाही, मामांनी ताकाचा ग्लास टेबलावर ठेवलेला तसाच होता.

ग्लास उचलला तेव्हा ते दारात उभे होते. "साहेबाला सांगा, केरूचं अक्षर लागलं नाही. माझं काय, दोन वर्षांनी मी घरीच. तुमचं आत्ता सुरू झालंय."

तुमचं अक्षर फार सुंदर आहे मामा, मी म्हटलं.

शनिवार, २४ मे

साहेबांना सांगितलं. उभी राहूनच. गलती मेरी है, केरूमामांनी बरोबर लिहिलं होतं, मी चुकीचं वाचलं. आमच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ दुसरा आहे. शब्द समजावताना मी एकदा छताकडे आणि एकदा जमिनीकडे बोट दाखवलं. साहेबांना हसू येत होतं आणि त्यांनी ते आवरलं.

मग हसले नाहीत. "और कितनी भेजी ऐसी?"

"एक भी नहीं. सब चेक किया."

"गाभण जानवर मेरे फार्म से कटने नहीं जाता, एलिशा. मेरे वालिद के टाइम से."

"जी."

त्यांनी कीबोर्डवर बोटं आपटली. मग म्हणाले, "खलास, बात खतम. लेकिन एक बात. बच्चा फिर भी छोटा ही आएगा. दूध तो वही है. बेचना तो पड़ेगा. कब, कैसे, तुम सोचो. तुम्हारी गाय, तुम्हारा कागज़."

मला वाटलं होतं मी सुटेन, किंवा ती सुटेल. दोन्ही झालं नाही. पण ते खरं बोलले. दोन लाल खुणा चुकीच्या नव्हत्या. तिचं वासरू हलकंच होतं. तिसरी पुसली म्हणून पहिल्या दोन पुसल्या जात नाहीत.

आत्ता विकली तर पुढचा माणूस गाभण म्हणून ठेवीलच याची खात्री नाही. आणि या उन्हात भरल्या पोटाने लॉरी नकोच. म्हणून : उन्हाळाभर ठेवायची. व्यायली, सावरली, हवा थंड झाली की वासरासह, पाळणाऱ्याच्या घरी. साहेबांनी वाचून सही केली. या वेळी 'व्हेरी क्लीन' म्हणाले नाहीत.

बुधवार, १६ जुलै

एक्केचाळीसच्या खाली पारा उतरत नाही. मुकी पंख्याखालची जागा सोडत नाही आणि मामा तिला सोडत नाहीत. कोंड्याची जास्तीची पाटी आता मीच रजिस्टरमध्ये लिहिते.

मम्मीला सगळं सांगितलं. मदर्स डेच्या दिवसाबद्दलही. म्हटलं, मी काहीतरी वेड्यासारखं बोलले होते का तेव्हा? ती म्हणाली, "तू लहानपणापासून बोलतेस, मी ऐकते." आणि माझ्या केसांना तेल लावून दिलं. मला नीटसं कळलं नाही ती चिडली होती की नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

पहाटे पाचला व्हॅन फार्मवर पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. मामा वाळूत फतकल मारून बसलेले, समोर मुकी, आणि तिच्या जिभेखाली ओलं, लांब कानांचं, डगमगणारं काहीतरी.

"कालवड," मामा म्हणाले. "बघा, पेपर दिला तिनं."

सत्तावीस किलो. हलकी. मी वजन लिहिलं. मग पेन ठेवून पंधरा मिनिटं नुसती बसले, ते रजिस्टरमध्ये नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

आज मुकीला विकलं.

गिऱ्हाईक मीच शोधलं. स्वैहान गावाच्या बाजूला जहांआरा नावाच्या बाई आणि त्यांचा नवरा एका खजुराच्या बागेत राहतात, बाग सांभाळतात. मालकाने एक गाय बांधायला परवानगी दिलीय. डॉ. माहनूरच्या ओळखीचे. ते पिकअप घेऊन आले.

बाईंनी आधी गाईचे डोळे पाहिले, मग कास. "दूध कितना देती है?"

मामांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. म्हणजे, जरा सांभाळून.

"कम," मी म्हटलं. "बहुत कम. पिछले दो बच्चे छोटे रहे उसके. यह भी छोटी रहेगी. इसीलिए बेच रहे हैं."

मामांनी कपाळाला हात लावला. जहांआराबाई नवऱ्याकडे वळल्या. तो म्हणाला, "फिर दाम भी कम करो." केला. साहेबांनी मला जो आकडा दिला होता त्याच्याही खाली; हे 'खाली' आपलं, मराठीतलं. फरक किती पडला ते साहेबांना कळवलं. त्यांचा निरोप आला : "ओके. तुम्हारा कागज़."

दाम ठरल्यावर बाई म्हणाल्या, "हम दो ही लोग हैं. एक गिलास चाय का दूध बच्ची से बच जाए, बस."

आधी कालवडीला चढवलं. मुकीने मान वर केली आणि एकदा हंबरली. मी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला, घोगरा, खूप दिवस न वापरल्यासारखा. मग ती फळीवर आपणहून चढली. घसरली नाही. मामांनी कालच फळीवर गोणपाट ठोकून ठेवलं होतं.

पिकअपच्या दारात मामांनी तिच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि बाईंच्या नवऱ्याने आणलेलं नवं बांधू दिलं. जुनं हाताला गुंडाळून घेतलं.

"ते नाही द्यायचं?" मी विचारलं.

"दावं घरी ठेवतात, ताई. गाय विकली की. गोठ्याची बरकत राहते."

"पण तुम्ही आजवर कधीच नाही ठेवलं. इतक्या गाई गेल्या."

"ते इकणं कुठं होतं?" मामा म्हणाले. "ते पाठवणं होतं."

दावं आता ऑफिसच्या दारामागच्या खिळ्यावर आहे. खिळा मी ठोकला, वाकडा गेलाय. तपासणीसाठी गाय अडकवतात त्या खोड्याजवळच्या फळ्यावर मी मोठ्या अक्षरात दोनच शब्द लिहिलेत, गाभण आणि रिकामी. डॉ. माहनूर दोन्ही शिकल्या आहेत, 'रिकामी' म्हणताना त्यांचा र जरा जास्तच गरगरतो. उझैर म्हणाला, "मैडम ने मराठी स्कूल खोल दिया." मला काही वाटलं नाही.

मग रजिस्टर उघडलं, चारशे सतराचं पान. तिसरी लाल खूण खोडली. पहिल्या दोन तशाच ठेवल्या. खाली लिहिलं : विकली. वासरासह. दूध कमी, हे सांगून.

शाई वाळेपर्यंत पान उघडंच ठेवलं. मामा आले, वाकून बोटाने एकेक शब्द लावत त्यांनी वाचलं, आणि म्हणाले, "बरोबर वाचलं का मी?"